मास्तरांची पाणपँट

“धाकटे, पाण्याचा आवाज येतोय का गं?” दादानं तिसऱ्यांदा विचारलं.

“वारा आहे तो,” मीही तिसऱ्यांदा सांगितलं. खोटं सांगितलं.

ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूवरून आम्ही अर्धा तास चालत होतो. समोर किनारा होता. बांधावरचे विजेचे खांब मोजता येत होते, पण किनारा काही जवळ येत नव्हता. दादा पुढे, मी मागे. त्याच्या खांद्यावर मासे धरायची नऊ फुटी काठी, गळ्यात धागे कापायची छोटी कात्री, कमरेला त्यानं स्वतः शिवलेली दोरी ठेवायची पिशवी आणि अंगात छातीपर्यंत येणारी रबरी कापडाची पँट. माझ्या पायात जुने कापडी बूट आणि सलवार घोट्याच्या वर खोचलेली. सकाळी जाताना किनाऱ्यालगत एक चरी लागली होती, बारा पावलांची, घोटाभर पाण्याची. दादानं पावलं मोजली होती. तो सगळंच मोजतो. ती चरी परत ओलांडली की झालं, असं मी मनाशी घोकत होते. आवाज तिकडूनच येत होता.

माझा हा थोरला भाऊ शिंपी आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, वहिनीसुद्धा रागावली की मास्तर म्हणते. वय अठ्ठावन्न, छाती छत्तीस, उंची पाच फूट पाच. मापं त्यानंच सांगितलेली; माणसांची ओळख तो अशीच करून देतो. “ते बेचाळीस कंबरवाले आले होते,” असं म्हणतो. एकदा एका गिऱ्हाइकाची पँट दुसऱ्यांदा आत घेताना त्यानं टेप खाली ठेवली आणि म्हणाला, “पँट नंतर, आधी डॉक्टरकडे जा.” तो माणूस गेला आणि वेळेत गेला. अजून दुकानात येऊन नुसता बसतो.

दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, कडेनं डाग धरलेला आरसा, खुंटीवर अर्धवट कोट. चाळीस वर्षं तो त्या खोलीत आहे. आणि पन्नास वर्षं तो पाण्याला भितोय.

आठ वर्षांचा असताना तलावाच्या पायऱ्यांवरून त्याचा पाय घसरला होता. चुलतभावानं केसाला धरून वर काढला. मी तेव्हा आईच्या कडेवर होते म्हणे. तेव्हापासून तो डोक्यावरून पाणी घेत नाही. मानेखाली अंघोळ करतो, आणि डोकं मागे करून वहिनीकडून धुऊन घेतो. त्या वेळीही डोळे मिटत नाही. साबण गेला तरी मिटत नाही. “मिटले की खाली जातो,” असं मला एकदाच म्हणाला होता. मी हसले नाही, आणि त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अशा माणसानं समुद्रात मासे धरायला जायचं मनावर घेतलं, त्याला कारण शेजारचं दुकान. तिथे मासेमारीचं सामान मिळतं. दुकानदाराला दादा गळवाला म्हणतो. गळवाल्याकडची फाटकी जाकिटं आणि पिशव्या दुरुस्तीला दादाकडे येतात. नवी काठी घेणारी माणसं फुटपाथवर उभी राहून ती फेकून बघतात. ह्या प्रकारात गळाला वजन नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला हलका गळ. तो लांब जातो तो दोरीच्या वजनानं. जाडसर दोरी डोक्यावरून मागे न्यायची, हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे सोडायची. दादा मशीन थांबवून ते पाहत बसायचा.

“माझी टेप हवेत उडाल्यासारखी वाटते गं,” तो मला म्हणाला. “आणि मागे ती पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे ओढायचं नाही. घाई केली की गेलं. शिवणकामच की हे.”

मग त्यानं सामान निवडायला घेतलं. त्याला दोन वर्षं लागली.

गळवाला सांगून सांगून थकला. “मास्तर, नवा माणूस, खारं पाणी, म्हणजे आठ नंबरची काठी घ्या. नऊ फुटी, चार तुकड्यांची. वाऱ्यात दोरी नेईल आणि तुमचा हातही भरून येणार नाही. दोरी गुंडाळायचं रील खाऱ्या पाण्याचंच घ्या, आतून बंद असलेलं. साधं घेतलंत तर मीठ ते खाऊन टाकेल. आणि आलात की सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं.”

दादा काठी घ्यायचा, डोळ्यासमोर धरायचा, सुई ओवताना धरतो तशी. दोरी चिमटीत फिरवून तिचा पोत बघायचा. “ही निळी जरा राठ आहे,” म्हणायचा.

“माशाला काय कोट शिवताय तिचा?” गळवाला म्हणायचा.

वहिनीला वाटायचं हे असंच चालणार. “ह्यांना बादलीची भीती वाटते,” ती मला म्हणाली, “आणि निघालेत समुद्राला! निवडू देत. निवडण्यात म्हातारे होतील.”

मलाही तसंच वाटत होतं. दादा रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात गवतावर दोरी फेकायचा. छान फेकायला लागला होता. गवतावर कुणी बुडत नाही.

शेवटी राहिली ती पँट. गळवाला तिला वेडर म्हणतो, दादानं तिचं नाव पाणपँट ठेवलं. पाय मोज्यासारखे बंद, छातीपर्यंत कापड, खांद्यावर पट्टे. गळवाल्याकडे एकच माप होतं आणि ते आडव्या माणसाचं होतं. दादानं ती घालून आरशात पाहिलं.

“हे ढगळ घालून मी दुकानासमोरून जाऊ? लोक म्हणतील, मास्तरनंच शिवलीय.”

“कमरेला हा पट्टा आवळायचा,” गळवाला म्हणाला. “मास्तर, बाकी सगळं विसरा, पट्टा विसरू नका. पडलात तर पाणी कमरेशी अडतं. नाहीतर पाय भरतात.”

“पोत्याला सुतळी बांधल्यासारखं दिसतं ते,” दादा म्हणाला.

आणि त्यानं पाणपँट आत घेतली. दोन्ही कुशींना कमरेपासून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत कापड कापलं, जास्तीचं काढून टाकलं आणि दुहेरी टाक्यानं शिवलं. बाहेरून बारीक काळी पट्टीही लावली. इतकी सुरेख बसली की वहिनीही म्हणाली, “ह्यात लग्नाला जाता येईल.” पट्टा टेबलाच्या खणात गेला. तो नीट तपासणाराच माणूस आहे, म्हणून त्यानं मोरीत उभं राहून वरून तांब्याभर पाणीही ओतून पाहिलं. पाणी ओघळून गेलं. टाकीत उतरून बघा, असं वहिनी म्हणाली होती. टाकीत तो कसा उतरणार?

गळवाल्याला त्यानं दाखवली नाही. “त्याला शिवणातलं काय कळतंय,” म्हणाला.

त्या दिवशी तो मला घेऊन गेला, कारण एकट्याची छाती होईना. ओहोटीची वेळ त्यानं छापील तक्त्यावरून वहीत उतरवली होती. फोन दोघांचेही किनाऱ्यावर पिशवीत ठेवले, खारं पाणी लागायला नको म्हणून. घड्याळ माझ्या हाताला होतं. “ओहोटी संपायच्या आधी निघायचं,” तो मला बजावून म्हणाला, “वेळ तू बघ.”

मी वेळ बघितली. हेच सांगताना मला जड जातं.

दूर वाळूच्या टोकाला तो नडगीभर पाण्यात उतरला. आधी टाचेवर, मग तळव्यावर. खाली बघत होता. मग त्यानं काठी उचलली, दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे गेली. एकदा, दोनदा, वीसदा. मासा काही लागला नाही. एकदा दोरी त्याच्याच टोपीला गुंडाळली आणि तो हसला. पाण्यात उभा राहून हसला. पन्नास वर्षांत मी त्याला पाण्याजवळ हसताना पाहिलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, वेळ झाली होती. म्हटलं, अजून पाच मिनिटं. पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा काही बोलले नाही.

चरीशी पोचलो तेव्हा ती चरी राहिली नव्हती. चाळीस-पन्नास पावलांचं गढूळ पाणी डावीकडून उजवीकडे धावत होतं. आम्हांला वाटलं होतं, पाणी समुद्राकडून, समोरून येईल, आणि आलं की दिसेल. आम्ही टोकाला समुद्राकडे तोंड करून उभे असताना ते पाठीमागून, ह्या सखल चरीतून आधीच आत शिरलं होतं. आम्ही चालत होतो ती वाळूच आता बेट झाली होती.

दादा थांबला. “बारा पावलांची होती,” तो म्हणाला.

“हो.”

“थांबू या. ओसरेल.”

“दादा, ही भरती आहे. ओसरायला रात्र होईल.”

त्यानं मागे वळून पाहिलं. मघाशी कोरडी असलेली वाळू चमकत होती. बांधावर एक माणूस कुत्रा फिरवत होता. मी ओरडले, ओढणी हलवली. वारा आमच्या तोंडावर होता. माणूस पाठमोरा झाला आणि चालायला लागला.

मी पुन्हा ओरडणार होते. पण दादाकडे पाहिलं आणि वाटलं, आता मी घाबरले तर हा इथेच बसेल. त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता. मी त्याचा हात धरला. दुसऱ्या हातात त्यानं काठी घट्ट धरली होती.

“चल. तिरपं जायचं, ओढ आहे तिकडे. मी आहे.”

“तुझ्या देवाला पोहता येतं का गं?” आवाज कापत होता, तरी विचारलंच त्यानं. एरवी तो मला असंच चिडवतो.

“पाणीच त्याचं आहे. चल.”

गुडघ्यापर्यंत काही झालं नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं तेव्हा तो म्हणाला, “आत काहीतरी गार लागतंय.”

“घाम असेल.”

“घाम गार नसतो.”

आणखी पाच पावलं. पाणी मांडीला लागलं. माझी सलवार पायांना चिकटून ओढत होती, पण पाय उचलत होते. त्याचे उचलेनात.

“धाकटे, पाय भरतायत.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कुशीच्या त्या काळ्या पट्टीकडे पाहत होता. त्याला माझ्या आधी कळलं. एकच शब्द म्हणाला, “सुई.”

मग मलाही कळलं. चाळीस वर्षं ज्या हातानं कापड बसतं केलं, त्या हातानं त्यानं पाणी न जाणाऱ्या कापडाला हजारभर भोकं पाडली होती, एकसारखी, ओळीत. तांब्याच्या पाण्याला ती सापडली नव्हती. अंगाभोवती उभं राहिलेलं पाणी त्यातून दाबून आत येत होतं. आणि पट्टा खणात होता. छातीवरून लाट आत गेली असती तर तीही सरळ पायांत उतरली असती.

मी ओढणी काढली, त्याच्या छातीखाली दोन वेढे घेतले आणि आवळली. गाठ दोनदा सुटली.

“गाठ बाजूला घे,” तो म्हणाला. “पुढे घेतलीस तर सरकेल.”

मी बाजूला घेतली. मग देवाचं नाव घ्यायला लागले, तोंडातल्या तोंडात, पावलागणिक एक.

“मोठ्यानं म्हण,” तो म्हणाला.

मी मोठ्यानं म्हटलं. मधोमध पाणी त्याच्या कमरेच्या वर आलं, माझ्याही. ओढ इतकी की उचललेला पाय ठेवू तिथे पडत नव्हता. दादा डोळे मिटत नव्हता. वाऱ्यानं खारं पाणी तोंडावर येत होतं, डोळे लाल झाले होते, पण तो त्यांची पापणी लवू देत नव्हता. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं. रडतच नाव घेत राहिले.

कसे ते माहीत नाही, आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. आणि तिथेच अडकलो. काठ चढणीचा आणि खाली चिखल. मी हातापायांवर वर गेले. दादाला पाय वर घेता येईना. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचं वजन एवढं जाणवत नव्हतं. बाहेर यायला लागला तसं एकेका पायात दोन-दोन बादल्या लटकल्या. मी ओढलं, तो गुडघ्यावर आला आणि परत मागे घसरला. मागचं पाणी चढतच होतं.

“तू वर जा,” तो म्हणाला. “कुणाला तरी घेऊन ये.”

“कुणाला? कधी?”

“जा गं.”

“गप बस!” मी आयुष्यात त्याला गप बस म्हटलं नव्हतं. त्याच्या गळ्यातली कात्री ओढून घेतली. “कापते मी ही.”

“कापड कापू नकोस!” तो ओरडला. आणि एकाएकी त्याचा आवाज दुकानातला झाला. “रबर आहे, चिवट असतं. वेळ जाईल. टाके उसव. वरून सुरू कर. दुहेरी आहेत, चार सोडून एक काप आणि ओढ. पट्टी आधी. हां. आता आतली शिवण. खेच, भिऊ नकोस, माझीच शिवण आहे, सुटेल.”

मी पाण्यात उतरून, गाल त्याच्या कुशीला लावून, अर्धं दिसत अर्धं न दिसत टाके कापत गेले. बोट कापलं गेलं ते घरी गेल्यावर कळलं. डावी कूस उघडली, मग उजवी. “आता पालथा हो,” मी म्हटलं. मी ओढणीच्या गाठीला धरून ओढत होते, तो कोपरांवर सरपटत होता. इंच इंच तो वर आला तसं दोन्ही बाजूंनी पाणी भसाभस बाहेर पडलं. गुडघ्याखालचं राहिलं, पण तेवढं ओढता आलं.

बांधाच्या दगडांपाशी आम्ही पडून राहिलो. त्याच्या हातात काठी तशीच होती. बोटं उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

वहिनीनं दोघांना कोरडे कपडे दिले, चहा दिला. मग म्हणाली, “मास्तर, टाकीत उतरून बघा म्हटलं होतं मी.” तेवढंच बोलून आत गेली. आतून तिचा हुंदका ऐकू आला.

गळवाला दुसऱ्या दिवशी आला. टेबलावर पसरलेली पाणपँट त्यानं उलटीपालटी करून पाहिली. “पट्टा?” एवढंच विचारलं. दादानं खण उघडून पट्टा दाखवला. गळवाला खुर्चीत बसला. “असली शिवण जन्मात पाहिली नाही,” म्हणाला, “आणि देव करो, पुन्हा दिसायला नको.”

पंधरा दिवस दादा कुणाशी धड बोलला नाही. मशीन चालवत होता. मैदानात गेला नाही. रात्री दचकून उठतो, असं वहिनीनं सांगितलं. मलाही मांडीला पाणी लागल्यासारखं वाटून जाग यायची. सगळं संपलं, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं.

काल दुपारी दुकानात गेले. काठी कोपऱ्यात उभी होती, रील धुऊन पुसून ठेवलेलं. खुंटीवर दुसरी पाणपँट होती, गळवाल्यानं मागवलेली, छत्तिशी मापाची, सुई न लागलेली. तिच्यावरून तो पट्टा लोंबत होता. दादा काजं करत होता. मान वर न करता म्हणाला, “बस.”

मी बसले.

“तिथे तू घड्याळ पाहिलंस,” तो म्हणाला. “दोनदा.”

पंधरा दिवस मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. देवापुढेच काय ते बोलले होते.

“तुला दिसलं?”

“दिसलं. तू काही बोलली नाहीस, म्हणजे वेळ आहे, असं मी धरलं. वेळ नाही हे मलाही कळत होतं गं. पण निघायचं नव्हतं.”

“मला वाटलं, तू हसतोयस...”

त्यानं दोरा कापला, कोट बाजूला ठेवला. काज वाकडं झालेलं मला दिसलं, त्यालाही दिसलं असणार.

“रविवारी जायचंय,” तो म्हणाला. “चरीपलीकडे नाही. अलीकडेच, बांधाखाली, घोटाभर पाण्यात. भीती वाटतेय. पण आता नाही गेलो तर जायचंच नाही, एवढं मला कळतंय.” मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तू ये. पट्टा तू आवळ, आणि घड्याळ बघ. आणि धाकटे, वेळ झाली की मी हसत असलो तरी मला हाक मार.”